बोटीवर कळवायचं नाही

"वारा कुठला आहे?" आईनं भाकरी थापता थापता विचारलं.

"नैऋत्येचा," मी मोबाईलवर बघून सांगितलं.

"मग आज येईल."

वारा आमच्या गावचा नव्हता. आमच्या दारात खाडी होती, खाडीच्या तोंडाशी समुद्र होता, पण त्या वाऱ्याकडे त्या हिवाळ्यात आमचं लक्षच नव्हतं. आई विचारत होती तो वारा बाल्टिक समुद्रावरचा. तिथं, युरोपातल्या एका देशाच्या किनाऱ्यापासून सहा मैलांवर, माझे बाबा तेलाच्या एका बोटीवर अडकून पडले होते. बोटीवरचं इंटरनेट कंपनीनं बंद केल्याला महिना होत आला होता. नैऋत्येचा वारा सुटला की नांगरावरची बोट तोंड फिरवायची, तिचं मागचं टोक किनाऱ्याकडे जायचं, आणि त्या टोकाला कठड्याला टेकून उभं राहिलं की मोबाईलला दोन काड्या रेंज मिळायची. वारा फिरला की बोट फिरायची आणि रेंज जायची. आई चौथी शिकलेली. पण सात समुद्रांपलीकडचा वारा दिवसाकाठी कसा फिरतो हे त्या महिन्यात तिला माझ्यापेक्षा चांगलं कळू लागलं होतं.

साडेअकराला फोन आला. तिकडे सकाळचे सात.

"बाय, जेवलीस का?"

"अजून नाही, बाबा. तुम्ही?"

"आमचा इक्बाल मुकादम रोज नवीन पदार्थ करतोय. काल बटाटा, आज बटाट्याचा मामेभाऊ."

आईनं फोन माझ्या हातातून घेतला. "थंडी?"

"आहे थोडी."

"कानटोपी घालता?"

"झोपेतपण काढत नाही. इथले सगळे मला साधू समजतात."

बाबा, बोटीवरचे भाटकर, पंपमन होते. टँकरमध्ये तेल भरायचं, उतरवायचं, ते पंप, त्या झडपा, सगळं त्यांच्याकडे. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं. एकोणसाठाव्या वर्षी चांगल्या कंपन्या कुणाला घेत नाहीत. घरी बसून त्यांनी एक पावसाळा काढला, अंगणातली प्रत्येक नळी दोनदा दुरुस्त केली आणि मग मुंबईच्या एका एजंटामार्फत ही बोट धरली. तेवीस वर्षांची जुनी बोट. नाव एल्विना, पण रंगाखाली आधीच्या नावाची जाड अक्षरं अजून दिसत होती, आणि त्याच्याखाली आणखी एका नावाची.

निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या कडेला बोटीचा सात आकडी नंबर लिहिला होता. प्रत्येक बोटीचा लिहायचे. "नाव बदलतं, झेंडा बदलतो," ते म्हणायचे, "नंबर मरेपर्यंत तोच."

बोट रशियाच्या बंदरातून तेल भरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी तिला अडवलं. कागद मागितले. बोटीवर ज्या देशाचा झेंडा होता त्या देशानं कळवलं, ही आमची नाही. मग ती कुणाचीच राहिली नाही. रशियाचं तेल कुणी विकत घेऊ नये म्हणून सत्तावीस देशांच्या युरोपीय संघानं निर्बंध घातले होते, आणि ते चुकवायला रशियाला अशाच बिननावाच्या, बिनझेंड्याच्या म्हाताऱ्या बोटी लागत होत्या. हे मी आईला जमेल तसं समजावलं होतं.

"म्हणजे एका बाजूला सत्तावीस जावा," आई म्हणाली, "आणि शेजारीण एकटी?"

"एकटी. पण मोठी."

"आणि ह्यांना कुणी सांगितलं होतं त्यांच्या अंगणातून जायला?"

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. सकाळी वर्तमानपत्रं लावायची, दुपारी पुस्तकांच्या नोंदी, आणि मधल्या वेळात वाचायचं. त्या हिवाळ्यात मी दुसरं काहीच वाचत नव्हते. युरोपीय संघाच्या बैठका, कोण काय म्हणालं, रशियानं काय उत्तर दिलं. कुठला मंत्री नरम आणि कुठला कडक हे मला नावानिशी पाठ झालं होतं. मला वाटायचं, पुरेसं वाचलं तर पुढं काय होणार ते दिसतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी निर्बंधांची नवी यादी काढली. बोटींची यादी. नावं नुसती, आणि नावांपुढं नंबर. मी वाचनालयाच्या संगणकावर ती उघडली. एल्विना हे नाव यादीत नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी शिपायाला चहा आणायला पाठवलं. चहा येईपर्यंत मला कॅलेंडरची कड आठवली, आणि मी नंबर शोधला. जुन्या नावापुढं तो होता.

यादीतल्या बोटीला त्यांच्या कुठल्याही बंदरात जागा नाही, विमा नाही, तेल नाही, दुरुस्ती नाही. ती सुटली तरी जाणार कुठं? आणि तिला सोडायचं म्हणजे त्यांनी आपलाच नियम मोडायचा. महिने लागणार होते, कदाचित वर्ष. तिथं बसून मी ते तीनदा वाचलं. चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती निवडत असलेले तांदूळ तिनं बाजूला ठेवले.

"त्यांना माहीत आहे?"

"नसणार. इंटरनेट नाही. आणि कॅप्टनला माहीत असलं तरी तो सांगायचा नाही."

"मग आपणही सांगायचं नाही."

"आई, ही काही कुणाच्या आजारपणाची बातमी नाही. त्यांच्याच बोटीबद्दल आहे."

"बोटीवर कळवायचं नाही," ती म्हणाली, आणि तांदूळ पुन्हा पुढ्यात ओढले.

हा आमच्याच घरचा नाही, आमच्या सगळ्या गावचा नियम होता. बोटीवर असलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. तो काही करू शकत नाही, येऊ शकत नाही, आणि चित्त थाऱ्यावर नसलेला माणूस बोटीवर हात तरी गमावतो नाहीतर जीव. बोटीवरचा माणूसही आपलं दुखणं-खुपणं घरी सांगत नाही. माझी आजी गेली तेव्हा बाबा व्हेनेझुएलाजवळ होते. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. "आईला दे," ते म्हणाले. घरात सुतक, पुरुषांची मुंडन केलेली डोकी ओटीवर, आणि माझी आई शांतपणे म्हणाली, "झोपल्यात त्या." चार महिन्यांनी बाबा घरी आले. उंबऱ्यातून आत पाऊल टाकताना त्यांना भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. बॅग खांद्यावरून उतरवून त्यांनी खाली ठेवली. मग आईकडे वळून म्हणाले, "बरं केलंत."

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मला तो मोठेपणा वाटला होता.

जानेवारीच्या सुरुवातीला, एका नैऋत्येच्या दिवशी, बाबांनी आईशी बोलून झाल्यावर मला फोन द्यायला सांगितला. तसं ते क्वचित करायचे.

"बाय, तू सगळं वाचतेस. काय म्हणतात तिकडे? सुटेल बोट?"

वाऱ्याचा आवाज येत होता. आई माझ्यासमोर उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळेही मोठे केले नाहीत. नुसती उभी होती.

"बोलणी चालू आहेत, बाबा," मी म्हटलं. बोलणी चालूच होती, कुठल्या ना कुठल्या गोष्टीवर. "पंधरा दिवसांत सुटेल असं म्हणतात."

"पंधरा?"

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं? पेपरवाले की मोठे लोक?"

"दोघंही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एकदम उजेड आला. "मग काय, पंधरा दिवस म्हणजे काहीच नाही. चल, ठेवतो, हात गारठले."

पंधरा हा आकडा मी कुठून काढला ते मला आजही सांगता येत नाही. आठ म्हटलं असतं तर लवकर खोटं ठरलं असतं, महिना म्हटलं असतं तर त्यांचा आवाज तसा झाला नसता.

जानेवारी संपता संपता, एका रविवारी, खाडीपलीकडून तरीच्या होडीनं इक्बाल मुकादम आले. बोटीवरचे कुक. पन्नाशीचा, रुंद हाडाचा माणूस. मी त्यांना फोटोतच बघितलं होतं. हातात मिठाईचा खोका होता.

"वहिनी, मुलीचा निकाह झाला शुक्रवारी. पहिला खोका तुमच्याकडे."

आई उठून उभी राहिली. "तुम्ही आलात? मग हे?"

"बसा, बसा. सगळे ठीक आहेत. तिथल्या सरकारनं पाच जणांना उतरू दिलं. फक्त पाच. बाकीच्यांनी बोट सांभाळायची. आधी वय बघून नावं लावली. पहिलं नाव भाटकरांचं."

मी चहा गाळत होते. मी भांडं खाली ठेवलं.

"भाटकर माझ्या गॅलीत, बोटीच्या स्वयंपाकघरात आले," इक्बालचाचा सांगत होते. "म्हणाले, तू जा, तुझ्या पोरीचा निकाह आहे. मी म्हटलं, असं कसं, तुमचा हक्क आहे. तर म्हणाले, अरे, आमची बाय म्हणते पंधरा दिवसांत बोट सुटणार. सगळं वाचते ती. मी बोटीबरोबरच ऐटीत येतो, तू आपला विमानातून जा पोटात गोळा घेऊन." ते हसले. मग त्यांचे डोळे भरले. "वहिनी, माझ्या मुलीनं आज दुव्यात त्यांचं नाव घेतलं."

आईनं मिठाईचा खोका उघडला नाही. दोन्ही हातांत धरून बसली.

"खा ना, वहिनी."

"आधी देवाला दाखवते," ती म्हणाली आणि खोका घेऊन देवाकडे गेली.

मी त्यांना तरीपर्यंत सोडायला गेले. वाटेत ते दोनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "बाय, त्यांनी शपथ घातली आहे घरी सांगायचं नाही म्हणून. पण तू शिकलेली आहेस. पंपरूमच्या शिडीवर दोनदा बसले ते. छातीवर असा हात धरून. मी म्हटलं कॅप्टनला सांगतो, तर म्हणाले, गॅस झालाय, तुझ्या बटाट्यानं."

"कधी?"

"पहिल्यांदा नाताळात. मग मी निघायच्या आदल्या दिवशी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पण आता पंधरा दिवस होऊन गेले ना. आता सुटेलच."

मी मान हलवली.

त्या दिवसापासून वारा पूर्वेचा झाला.

सकाळी उठल्याबरोबर मी बघायचे. पूर्वेचा. दुपारी पूर्वेचा. आई भाकरी थापता थापता विचारायची आणि मी तोच शब्द सांगायचे. "हा तिकडचाच ना," तिनं एकदा विचारलं, "त्या शेजारणीकडचा?" मी हो म्हटलं. थंडीत असा वारा एकदा बसला की हलत नाही, असं मी कुठंतरी वाचलं. मी बाबांना निरोप लिहिला, ताबडतोब फोन करा, एवढाच. निरोपापुढं एकच खूण राहिली, पोचल्याची दुसरी उमटेना. छातीचं लिहिलं नाही, यादीचं लिहिलं नाही. तिथं एक फोन चार हातांत फिरतो. एजंटाचा नंबर बंद होता. तिकडच्या सरकारी पत्त्यावर मी इंग्रजीत पत्र पाठवलं, आजारी माणूस आहे, वय एकोणसाठ. पत्र मिळालं, असं यंत्राचं उत्तर आलं.

आईला मी छातीचं सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, की इक्बाल मुकादम तरीपाशी इतका वेळ काय बोलत होते.

दहाव्या दिवशी वारा नैऋत्येचा झाला. मी कॉलेजला गेले नाही. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला.

आई आधी बोलली. निकाहाची मिठाई, अंगणातली नळी पुन्हा गळते ते, शेजारच्यांची गाय व्याली ते. ती हसलीसुद्धा. मग तिनं फोन मला दिला आणि मी तो घेऊन परसात गेले, माडाखाली, जिथून घरात ऐकू जात नाही.

"बाबा, ऐका. मध्ये बोलू नका. बोट यादीत आहे. ती सुटणार नाही, पंधरा दिवसांत नाही, महिन्यातही नाही. तुम्ही आजच कॅप्टनला सांगा छातीत दुखतंय. किनाऱ्यावर कळवायला लावा. आजारी माणसाला ते उतरवतात, मी वाचलंय."

तिकडून फक्त वारा.

"बाबा?"

"इक्बाल बोलला वाटतं."

"हो."

"बटाटा सडका होता, गो."

"बाबा, आजच सांगा."

"यादीचं कधी कळलं तुला?"

मी माडाच्या खोडाला हात लावून उभी होते. खोटं बोलता आलं असतं. काल म्हणता आलं असतं.

"डिसेंबरात," मी म्हटलं.

ते म्हणाले, "हां."

मग म्हणाले, "बरं केलंस. तेव्हा नाही सांगितलंस ते."

"बाबा, तुम्ही उतरणार ना?"

"बघतो."

"बघतो नको. सांगते ते करा."

"अगो, बघतो म्हटलं ना. जेवलीस का तू?"

मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते मध्येच तुटलं. बोट फिरली असावी.

आत आले तेव्हा आई भांडी पुसत होती. "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

"काय बघतो?"

"असंच. वाऱ्याचं बोलत होतो."

पाच दिवसांनी सकाळी एका अनोळखी नंबरावरून कॅप्टनचा फोन आला. तो हिंदीत बोलला, हळू आणि पाठ केल्यासारखा. पंपरूमच्या शिडीखाली सापडले. पहाटे केव्हातरी. बहुतेक हृदय. मी आईकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं गॅस बंद केला, तवा उतरवला, आणि थापलेली भाकरी परातीत तशीच राहू दिली.

त्यांना घरी यायला चौतीस दिवस लागले. किनाऱ्याच्या देशानं विचारलं, बोटीच्या देशाची सही कुठं आहे. बोटीला देश नव्हता. जिथून निघाली ते बंदर म्हणालं, निघाली तेव्हा सगळे ठीक होते. कंपनीच्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाचं दुकान होतं. सत्तावीस आणि एक, ह्यांच्यामध्ये एवढ्या मोठ्या गोष्टींवरून भांडण चाललेलं होतं की एका माणसाच्या कागदावर कुणी सही करायची ह्यावर भांडायलाही कुणाला सवड नव्हती. मी वर्तमानपत्र वाचायचं बंद केलं. वाचनालयात रोज लावत मात्र होते.

एप्रिलमध्ये उरलेल्या लोकांना उतरवलं. इक्बालचाचा त्यातल्या बोसनला, खलाशांच्या म्होरक्याला, मुंबईत भेटून आले आणि थेट आमच्याकडे आले. ह्या वेळी हातात काही नव्हतं. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर उभे राहिले, मग आईसमोर खाली जमिनीवर बसले. आईनं खुर्ची पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही.

"माझी जागा होती ती, वहिनी. शिडीखालची."

"असं बोलू नका," आई म्हणाली. "चहा घ्या."

मी चहा आणला. ते कप हातात धरून बसले.

"शेवटचे पाच दिवस ते फार चांगले होते, बोसन सांगत होता," ते म्हणाले. "तुमच्याशी फोनवर बोलून आले ना, तसे थेट मेसमध्ये गेले. पोरं जेवत होती. त्या दिवसांत कुणी कुणाशी बोलत नव्हतं, वहिनी. दोघं तर उडी मारायच्या गोष्टी करायचे. हे मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, ऐका रे, माझ्या मुलीचा फोन झाला. ती म्हणते पंधरा दिवसांत बोट सुटणार. नक्की."

माझ्या हातात कप-बशी होती. मी ती खाली ठेवली.

"एकानं विचारलं, काका, आधीपण पंधराच म्हणाली होती ना? तर म्हणाले, आधी पेपरवाले म्हणत होते, आता मोठे लोक म्हणतात. माझी बाय खोटं वाचत नाही. त्या रात्री पोरांनी पत्ते काढले म्हणे, कितीतरी दिवसांनी."

"आणि कॅप्टनला?" मी विचारलं. "कॅप्टनला काही बोलले का? तब्येतीचं?"

"नाही. बोसननं विचारलंपण होतं, काका, रंग बरा दिसत नाही. तर म्हणाले, मी आजारी म्हणून उतरलो तर पोरांना वाटेल बोट सुटत नाही म्हणून म्हातारा पळाला." इक्बालचाचांनी चहाचा घोट घेतला. "तुझ्या शब्दावर सतरा माणसांनी तेवढे दिवस काढले, बाय. हे तुला कळावं म्हणून आलो. तुझ्या बापाला तुझा अभिमान होता."

बाहेर खाडीवर तरीचं इंजिन सुरू झालं आणि बंद पडलं. ते उठले. आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. फाटकापर्यंत मी गेले. परत आले तेव्हा आई कॅलेंडरसमोर उभी होती. ते गेल्या वर्षीचं होतं, आम्ही कुणीच काढलं नव्हतं. कडेला त्यांच्या अक्षरातला नंबर होता.

"त्या दिवशी परसात तू त्यांना तेच सांगितलंस ना?" तिनं माझ्याकडे न बघता विचारलं. "पंधरा दिवस?"

"हो," मी म्हटलं.

तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, त्याची घडी केली आणि पदराखाली धरली.

"बरं केलंस," ती म्हणाली.